दादूसचा वन्स मोअर

"हलू नको! जागचा हलू नको! नांदी चालली हाय, दिसत नाय काय?"

ओरडत होते दादूस. ज्याच्यावर ओरडत होते तो गॅसवाला भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात थिजला होता, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. हॉलमध्ये आम्ही चौदा जण हात जोडून, मान खाली घालून उभे. समोर टीव्ही. टीव्हीच्या पोटात कुठल्याशा गावच्या जत्रेत कधीकाळी शूट केलेलं एक संगीत नाटक सुरू झालं होतं आणि सगळी नटमंडळी रंगमंचावर ओळीनं उभी राहून देवाला आळवत होती.

"दादूस, जरा आत ठेवून घेतो..." गॅसवाला कण्हला.

"ठेव. पन आवाज नाय पायजे."

"ठेवल्यावर आवाज होणारच ना!"

"मग धरून उभा रा."

आणि तो राहिला. नांदी सात मिनिटांची होती. मी सांगतो तेव्हा ती सतरा मिनिटांची होते आणि सिलिंडर दोन होतात, पण तुम्ही सातच धरा; माणूस मरायला तेवढी पुरतात. नांदी संपली तेव्हा गॅसवाल्याचे गुडघे लटलटत होते आणि तोंडातून देवाचं नाव आपोआप येत होतं. दादूसनी स्वतः सिलिंडर उतरवून घेतला, त्याच्या मनगटाला अत्तर लावलं आणि म्हणाले, "बस आता. पयला अंक बगून जा." तो बसला. पुढच्या महिन्यात तो सिलिंडरशिवाय आला आणि मागच्या रांगेत शिलाई मशीनच्या शेजारी त्याची जागा कायमची ठरली.

नावडे गावात पूर्वी जिथं भाताची खाचरं होती तिथं आता दादूसची चार मजली इमारत आहे. मी तिच्या तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा साताऱ्याकडचा, वडील तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहायचे, मी त्याच बाजारात कांद्याच्या लिलावात बोली पुकारायचो. खोली बघायला आलो तेव्हा दादूसनी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मटण-मासे चालतात का तेही विचारलं नाही. दारातच विचारलं, "खोकला येतो काय रे तुला?"

मला वाटलं, टीबीची शंका असेल. छाती पुढे काढून म्हणालो, "अजिबात नाही."

त्यांचा चेहरा पडला. "मग नाटकाला काय कामाचा तू?"

याचा उलगडा मला पहिल्याच रविवारी झाला. दादूसकडे रंगमंचावर प्रत्यक्ष रंगलेल्या संगीत नाटकांच्या साठेक व्हिडिओ कॅसेटी होत्या. कुणाच्या जत्रेतल्या, कुणाच्या शाळेच्या पटांगणातल्या, कुणा मंडळाच्या वर्धापनदिनाच्या. एखाद्या कॅसेटला ते मान देत तो गाण्यामुळे नव्हे, बघणाऱ्यांमुळे. "ज्या नाटकात खोकला नाय ते नाटक नाय. ते शुटिंग." पोर रडलं पाहिजे, खुर्ची करकरली पाहिजे, विंगेतून वाक्य सांगणाऱ्याचा आवाज नटाच्या आधी ऐकू आला पाहिजे. स्टुडिओत बसून गायलेलं पद म्हणजे त्यांच्या मते फ्रिजमधली मासळी. प्रत्येक कॅसेटमधला प्रत्येक खोकला त्यांना नावानिशी ठाऊक होता. मोरा बंदरात धक्क्याजवळ झालेल्या एका नाटकात राजा पत्र वाचत असताना कुणीतरी खोकतं. तिथं दादूस हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. "ऐका. ह्यो बारक्या कोली. होडीवरनं थेट नाटकाला आल्ता. मानूस जाऊन वीस वर्सं झाली. खोकला बग कसा ताजा."

या कॅसेटी लोखंडी कपाटात राहायच्या, नॅप्थलीनच्या गोळ्यांत. हिरावहिनींच्या, म्हणजे दादूसच्या बायकोच्या, साड्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत. पावसाळ्यात दमटपणानं कॅसेटींना बुरशी येऊ नये म्हणून त्यांचा मुक्काम तांदळाच्या पिंपात. तो भात खाऊन तळमजल्यावरची मांजर भैरवी आळवायची, असं मी सांगतो. वहिनी म्हणतात मांजर नव्हतीच.

महिन्याचा पहिला रविवार, दुपारी तीन. पडदे ओढलेले. दादूस तळोज्याच्या ज्या कंपनीत कामाला होते तिच्या भंगारातून आणलेल्या पितळी घंटेचे तीन टोल, टीव्हीपुढे नारळ, मग नांदी. दोन अंकांमध्ये मध्यंतर व्हायचंच, आणि मध्यंतरात चहा आणि बटाटावडा घ्यायचाच. पोट बिघडलेल्यालासुद्धा सुटका नाही. रिमोट दादूसच्या सदऱ्याच्या खिशात. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी करंगळी दाखवून दोन मिनिटं थांबवायला सांगितलं, तर दादूस म्हणाले, "नाटकाला पॉज नसतो मास्तर. नट कवा थांबलाय काय तुमच्या मुतायसाठी?" मास्तरांनी पुढचा अंक कसा काढला ते मला माहीत आहे, पण ते अजून हयात आहेत.

एकदा खारघरहून एक साहेब आले. निवृत्त बँकवाले, नाट्यसंगीताचे दर्दी. दादूसची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणला, टीव्हीला जोडला आणि एक नवंकोरं चित्रीकरण लावलं. चार कॅमेरे, नटीच्या नाकातली मोरणीसुद्धा लखलखते आहे, तंबोऱ्याची तार आपल्या मांडीवर वाजते आहे. आम्ही आ वासून बघत होतो. दहाव्या मिनिटाला दादूसनी विचारलं, "मानसं कुठं हायत?"

"कोणती माणसं?"

"समोरची. बगनारी."

साहेब खूश होऊन म्हणाले, "त्यांचा सगळा आवाज काढून टाकलाय. एकदम क्लीन केलंय."

"का?" दादूस म्हणाले. "त्यांनी काय केलंवतं?"

दादूसनी साहेबांना चहा दिला, वडे बांधून दिले, फाटकापर्यंत सोडलं. परत आले ते कपाट उघडून बराच वेळ कॅसेटींकडे बघत उभे राहिले.

आगरी माणूस मोठ्या भावाला दादूस म्हणतो. यांचं नाव आत्माराम. पण सगळं नावडे गाव त्यांना दादूस म्हणायचं, त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असलेले सुद्धा. ज्याच्या तोंडी ते खरं शोभलं असतं तो एकुलता एक धाकटा भाऊ सुदाम. तो टीव्हीत होता.

ती कॅसेट वेगळी. ती वर्षातून तीनदाच लागायची: गावच्या जत्रेला, दिवाळीच्या पाडव्याला आणि सुदामच्या तिथीला. नाटकाचं नाव 'संगीत कनकवेल'. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेलं, गावच्या मंडळानं जत्रेत एकदाच केलेलं. सुदामचा स्त्रीपार्ट, नायिकेचा. दिवसा तळोज्याच्या एका कंपनीत हेल्पर, आणि संध्याकाळी हातातली काजळी राखेनं घासून काढायची आणि बांगड्या भरून तालमीला उभं राहायचं. ऑर्गनवर दादूस.

शूटिंग केलं होतं पनवेलच्या एका लग्नवाल्यानं. आयुष्यभर त्यानं फक्त लग्नं टिपलेली, त्यामुळं कनकवेलच्या विरहाच्या प्रवेशात सुदामभोवती गुलाबी बदामाचा आकार उमटतो आणि खाली अक्षरं सरकतात: 'आपले आशीर्वाद हाच आहेर'. मध्यंतरात जेवणावळीच्या सवयीनं त्यानं पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला भेळ खाताना पकडलंय. आणि सबंध तीन तास पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ऑर्गन वाजवणाऱ्या दादूसची नुसती कोपर दिसते. चेहरा नाही, हात नाही. कोपर. मी ती कोपर दोनशे कोपरांत ओळखीन.

दुसऱ्या अंकात कनकवेल समई लावून नवऱ्याची वाट बघत बसते आणि गाते: 'ये माघारी, ये रे सखया, तेल सरे समईचे'. आता मी लिलावातला माणूस, गाण्यातलं मला काय कळतं? पण त्या आवाजानं काय व्हायचं ते सांगतो. रस्त्यावरची कुत्री बसायची. गॅसवाला, जो सात मिनिटं सिलिंडर धरून रडला नव्हता, तो मशीनच्या कव्हरनं डोळे पुसायचा. तेवीस वर्षांचा पोरगा, नाकात चमकी, आवाजात ना पुरुष ना बाई, नुसती वाट बघणारी कुणीतरी.

पद संपलं की कॅसेटमधलं गाव उसळायचं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" शिट्ट्या, टोप्या, सगळं. सुदाम हसू दाबतो, कपाळावरचा घाम पदरानं टिपतो आणि डावीकडे बघतो. ऑर्गनकडे. एक भुवई जरा वर. विचारतोय: घेऊ का परत?

आणि पडद्यावरची ती कोपर हलते. पुढच्या प्रवेशाचं संगीत सुरू होतं.

गाव ओरडत राहतं, मग हळूहळू थांबतं. सुदाम मान खाली घालतो आणि विंगेत निघून जातो.

हॉलमध्ये मात्र असं व्हायचं नाही. सुदामनं डावीकडे बघितलं की दादूस आमच्याकडे बघायचे आणि आम्ही ओरडायचं. ओरडणाऱ्यांचा म्होरक्या मी. लिलावात कमावलेला गळा. माझ्या वन्स मोअरनं तळोज्याच्या कंपन्यांचे भोंगे दबायचे आणि कामगार पाळी सुटली म्हणून घरी जायचे. दादूसचा चेहरा उजळायचा. "घाटावरच्याचा आग्रह हाय बाबा," असं म्हणून ते रिमोट काढायचे आणि पद मागं घ्यायचे. एकदा, दोनदा, कधी सहादा. एका पाडव्याला अकरादा झालं. हे अकरा खरे आहेत, यांत मी भर घातलेली नाही.

मागं घेताना ते चित्र बंद करायचे नाहीत. चित्र चालू ठेवूनच कॅसेट उलटी फिरवायचे. मी एकदा शहाणपणा केला. "दादूस, पूर्ण थांबवून मागं घ्या की, झटक्यात होतं."

"नाय. बग ना कसा येतो."

आणि खरंच, चित्रावर आडव्या रेघा नाचत असायच्या, आणि त्या रेघांमधून सुदाम विंगेतून पाठमोरा, उलटा चालत परत यायचा. घाम पदरातून कपाळावर, गाणं हवेतून तोंडात, विझत आलेली समई पुन्हा मोठी. दादूस त्या वेळी वाकून इतके जवळ जायचे की त्यांच्या चष्म्यात सुदाम दोनदा दिसायचा.

"गेलेला मानूस माघारी येताना बगायला मिलतो कुनाला?" ते म्हणायचे. "आमाला मिलतो."

त्या चार मिनिटांच्या पदामागं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. एका जत्रेला व्हीसीआरनं ती कॅसेट गिळली. टेपचं भेंडोळं बाहेर आलं. सगळे गेल्यावर मी थांबलो. दादूस खिडकीशी बसले, कॅसेटच्या चाकात पेन्सिल घातली आणि टेपचा एकेक वेढा बोटानं सपाट करत आत घेऊ लागले. मान वर न करता बोलायला लागले.

"भेल खानारा तो चष्मेवाला बगितलायस काय? पयल्या रांगेत, कडेला?"

बघितला होता. आम्ही त्याला कित्येक वर्षं हसत होतो. तो भेळेतली मिरची वेचून शेजाऱ्याच्या कागदात टाकतो.

"मुंबईच्या नाटक कंपनीचा मालक. सुदामला न्यायला आल्ता. गुरुजींनी बोलावल्यालं." पेन्सिल फिरत होती. "सुदाम मना बोल्लेला, दादूस, आज रंगलं तर मी नोकरी सोडनार. आई बोल्ली, आत्माराम, त्याला थांबव, नाटकवाल्याच्या घरात चूल पेटत नाय. आता वन्स मोअर काय मी एकट्यानं थांबवला असता? पन ऑर्गन माझा व्हता. ऑर्गनबिगर काय गानार तो?"

"मग?"

"मग काय. मी पुडची चाल सुरू केली. इंटरवलला भेल खाऊन बसल्याला मालक तिसऱ्या अंकाआधी गेला. बोल्ला, आवाज बरा हाय, पन गाव काय फारसं धरलं नाय."

गाव धरलं होतं. गाव शिट्ट्या मारत होतं. ते तर आम्ही दर वर्षी ऐकत होतो. ती कोपर मध्ये आली होती.

सुदाम त्यानंतर दादूसना त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. कामाला जात राहिला. आठ महिन्यांनी कंपनीत त्याला एक टाकी साफ करायला आत उतरवलं. आत हवा नव्हती, जे होतं ते हवा नव्हती. वर काढेपर्यंत सात मिनिटं गेली. दादूस त्याच कंपनीत, पलीकडच्या शेडमध्ये, पाळीवर होते. त्यांनी त्याला वर घेतला तेव्हा तालमीतल्या एका बांगडीची काच अजून त्याच्या मनगटात रुतलेली होती, असं त्यांनी मला सांगितलं. आठ महिने काच कशी राहील, असं मी विचारलं नाही. थापा मारणाऱ्याला दुसऱ्याची थाप ओळखू येते, आणि ही थाप नव्हती. ते त्यांना तसं दिसलं होतं.

टेप आत गेली. दादूसनी कॅसेट कपाळाला लावली. "चालंल आता," म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी दादूसची छाती धरली. तीस वर्षं त्यांनी तळोज्याची हवा ओढली होती, तिनं आता हिशेब मागितला. आधी जिना बंद झाला, मग बाजार, मग आडवं झोपणं. हॉलमध्येच पलंग आला आणि पलंगाशी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा राहिला. रविवार चालू राहिले, पण घंटा वहिनी वाजवायच्या. एक दिवस दादूसनी मला जवळ बोलावलं आणि नळीतून श्वास घेत घेत तुकड्यातुकड्यांत सांगितलं, "व्हीसीआर मरायला लागलाय. माझ्याआधी मरंल. सुदामला... त्या पेन ड्राइव्हमदी घे. तुझ्या हातानं ने. कुनाच्या हाती देऊ नको."

इतकी वर्षं ते नको म्हणत होते. त्या एवढ्याशा नखात तीन तासांचं गाव कसं मावेल, असं त्यांचं म्हणणं होतं. आता स्वतःच म्हणाले.

बेलापूरला एका जुन्या गाळ्यात एक गृहस्थ असल्या कॅसेटी उतरवून देतात. कमी बोलणारे. मी दोन दिवसांनी गेलो तर त्यांनी मला खुर्ची दिली, आणि दुकानदारानं न मागता खुर्ची दिली की मी बसत नाही.

"साहेब, तीन तास सतरा मिनिटं. सगळं आलंय. मस्त आलंय. एवढी जुनी टेप असून."

त्यांनी लावून दाखवलं. नांदी आली. बदाम आला. 'आपले आशीर्वाद हाच आहेर' आलं. भेळ आली, मिरची आली, मोठ्या स्क्रीनवर मालकाच्या चष्म्यावरची शेवसुद्धा दिसली. कोपर आली, एकदम ठळक.

"फक्त इथं बघा."

कनकवेल समईपाशी बसली. तोंड उघडलं. आणि पांढरं झालं. नुसतं पांढरं, मुंग्यांसारखं वळवळणारं, आणि आवाजाच्या जागी एक सलग फस्स. ते चार मिनिटं चाललं. शेवटी दोनतीन झटके बसले आणि चित्र परत आलं: सुदाम, घाम टिपणारा, भुवई वर.

"हे नीट होईल ना?"

"काय नीट करायचं? टेपवर काही उरलंच नाहीये. तिचा लेप खरवडून गेलाय. बाकी सगळी टेप चांगली आहे, एवढाच तुकडा गेलाय. कुणीतरी इथंच शेकडो वेळा मागंपुढं केलंय. तेही चित्र चालू ठेवून. तसं केलं की मशीन टेपला घासत राहतं." त्यांनी कॅसेट डबीत घातली. "कोणाला फार आवडत होतं का हे गाणं?"

मी हो म्हणालो. शेवटची काही वर्षं त्या पदावर जरा रेघा यायच्या, आवाज चिरकायचा. पण आम्ही ते डोळ्यांनी कमी आणि पाठ असल्यानं जास्त बघत होतो. ज्याला शब्दन् शब्द ठाऊक आहे त्याला काय गेलंय ते कळत नाही.

घरी आलो तर दादूस उशीला टेकून दाराकडेच बघत होते.

"कसं आलंय?"

माझी बायको म्हणते, मी पाऊस पडतोय म्हणालो तरी लोक हात बाहेर काढून बघतात. ते खरं आहे. माझी गोष्ट ऐकताना लोक तिच्यातला निम्मा भाग मनातल्या मनात वजा करतात, आणि दादूस तर पाऊण करायचे. त्या दिवशी मी म्हणालो, "काचेसारखं." आणि त्यांनी काहीही वजा केलं नाही.

मी देवाला काय मागत होतो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पुढच्या रविवारच्या आत दादूस जावेत, असं मागत होतो. गेले नाहीत. उलट तरतरीत झाले. चेहऱ्यावर रंग आला, वहिनींकडून दाढी करून घेतली, अत्तराची बाटली उशाशी मागवली.

रविवारी मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि तीन वाजता घंटा झाली. चौदांपैकी आता आठ जण उरले होते. नांदी सुरू झाली आणि दादूस म्हणाले, "मना उभा करा."

"दादूस, पडून ऐका," वहिनी म्हणाल्या.

"उभा करा बोल्लो ना."

गॅसवाला मशीनच्या शेजारून उठला. त्यानं एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या. दादूसचं वजन काहीच उरलं नव्हतं, तरी गॅसवाल्याचे गुडघे लटलटत होते. सात मिनिटं.

पहिला अंक झाला. वडे आले, कुणी खाल्ले नाहीत, कारण पद पुसलं गेलंय हे मी सकाळी सगळ्यांना जिन्यात गाठून सांगून ठेवलं होतं. फक्त वहिनींना सांगायचा धीर झाला नव्हता. दुसरा अंक लागला. कनकवेलनं समई लावली, सुदामनं तोंड उघडलं, आणि हॉल पांढरा झाला.

दादूस बघत राहिले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. ते पांढरं त्यांच्या काचांमध्ये वळवळत होतं. मग त्यांची बोटं चादरीवर हलायला लागली. मला आधी वाटलं, कंप आहे. पण डावी कोपर बाहेर आली आणि मी ओळखली. ते साथ करत होते. कडव्याला थांबत होते, जागा सोडत होते, पुन्हा धरत होते. त्या फस्स आवाजाखाली चार मिनिटं त्यांनी एकही सूर चुकवला नाही. शेवटच्या सुरावर बोटं उचलली, आणि त्याच क्षणी झटका बसून टीव्हीत सुदाम उगवला. घाम टिपला. डावीकडे बघितलं.

कॅसेटमधलं गाव ओरडायला लागलं.

दादूसनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. एक भुवई जरा वर.

माझा गळा तयार होता. वीसेक वर्षांची सवय होती. पण मी ओरडलो असतो तर ते पांढरं परत आलं असतं. मी मान खाली घातली. बाकीच्यांनीही घातली. टीव्हीतली कोपर हलली, पुढच्या प्रवेशाचं संगीत सुरू झालं आणि सुदाम विंगेत निघून गेला.

तिसऱ्या अंकाआधीच एकेक जण चपला शोधू लागला. मी सर्वांत शेवटी उठलो. दारातून वळून बघितलं ते शेवटचं: पलंगावर दादूस, नाकात नळी, टीव्हीचा उजेड अर्ध्या गालावर. रिमोट सदऱ्याच्या खिशातून काढून त्यांनी वहिनींसमोर धरला होता.

चौथ्या दिवशी ते गेले. तेराव्याला सगळं आवरल्यावर मी वहिनींशेजारी जिन्यात बसलो. जे इतके दिवस अडकलं होतं ते विचारलं. "वहिनी, त्या रविवारी आम्ही गेल्यावर दादूस काही बोलले का? माझ्याबद्दल? कॅसेटबद्दल?"

वहिनी हातातली भांडी पुसत होत्या.

"नाय. सुदामचं पद परत लाव बोल्ले. लावलं. मग बोल्ले, आवाज मोठा कर. केला."